दिलबहार बँडची दारातली चाल

सलीमचा फोन आला तेव्हा मी दळण घेऊन घरी निघालो होतो. "अब्बा गए, चाचा," एवढंच तो बोलला. मी पिठाचा डबा गिरणीच्या ओट्यावर टेकवला आणि तिथंच बसलो. गिरणीवाल्यानं विचारलं, काय झालं? म्हणालो, आमचे मास्तर गेले. त्याला वाटलं, क्लासमधले कोणी. लातुरात आता मास्तर म्हटलं की लोकांना फिजिक्स आणि केमिस्ट्रीचेच आठवतात, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पण आमचे युसूफ मास्तर बँडचे मास्तर होते. दिलबहार ब्रास बँड, लातूर. ते क्लॅरोनेट वाजवायचे आणि मी त्यांच्या डाव्या हाताला साइड ड्रम. एस.टी.त कंडक्टर म्हणून लागेपर्यंत मी तेच केलं, आणि लागल्यावरही सुट्टी मिळाली की गळ्यात ड्रम अडकवून हजर व्हायचो. त्यांना जाऊन आता दोन महिने होत आलेत. तरी लिहायला बसलो की आधी राग येतो, मग रडू.

रागाचं कारण सांगितल्याशिवाय मास्तर सांगता येणार नाहीत. दिलबहार साधा बँड नव्हता. जयंतीला आमच्या भीमनगरात तोच लागायचा, उरसाला तोच, गणपतीलाही तोच. निलंग्यापासून अर्धापूरपर्यंत लोक लग्नाची तारीख ठरवायच्या आधी मास्तरांना विचारून जात. वाजवायचो मात्र सगळ्यांसारखी सिनेमाचीच गाणी, कारण लोकांना तीच हवी असत. फक्त एका जागी मास्तर ऐकत नसत. मुलगी सासरी निघते तेव्हा इतर बँड ठरलेलं एखादं रडकं गाणं लावायचे. मास्तर म्हणायचे, "पिक्चरमधली पोरगी रडायचे पैसे घेती रे गौतम. ही खरी रडून राहिली." म्हणून त्यांनी स्वतःची चाल बांधली होती. मुलगी दारातून निघून गाडीत बसेपर्यंत पुरेल एवढीच. आम्ही तिला 'दारातली' म्हणायचो. मुखडा ठरलेला असे, पण पुढचा भाग मास्तर त्या मुलीकडे बघून वाजवत आणि दर लग्नात तो निराळाच निघे. माझं काम एवढंच, की काठ्या वाजल्यासारख्या वाटाव्यात आणि ऐकूही येऊ नयेत. दरवेळी व्याह्यांपैकी कोणीतरी डोळे पुसत विचारी, "कोणत्या पिक्चरचं हो हे?" मास्तर गंभीर चेहऱ्यानं सांगत, "अजून निघायचाय." ती कोणी कधी टेप केली नाही. लग्नाचे व्हिडिओ काढणारे आले, पण ते आमचा आवाज काढून टाकून त्यावर सिनेमाची गाणी चढवत. शेकडो कॅसेटींत आम्ही गाल फुगवून वाजवताना दिसतो आणि ऐकू येतं भलतंच.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. औशाकडच्या एका गावानं आम्हाला दुपारच्या मिरवणुकीसाठी बोलावलं होतं, कारण संध्याकाळी आम्हाला लातुरात वाजवायचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावचे अंकुशराव मंडळाचे पुढारी होते. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं, सुरेखाचं लग्न आम्हीच वाजवलं होतं. गणपती नदीच्या काठी टेकवला, आरती झाली आणि अंकुशराव मास्तरांसमोर हात जोडून उभे राहिले. "मास्तर, आमच्या पोरीच्या टायमाला लावली ती लावा."

मास्तर म्हणाले, "ती पोरीला लावायची हाय, भाऊ. देवाला न्हाई."

"गणपती बी घरचंच लेकरू हाय की!"

मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती जिभेनं ओली केली. त्या दिवशी त्यांनी जी वाजवली... मी त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काढली, पण तशी पुन्हा ऐकली नाही. नाचून घामाघूम झालेली पोरं जागच्या जागी उभी राहिली. बायका रडायला लागल्या. गावानं पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणून ती परत वाजवायला लावली, आणि पहिल्यांदाच कोणीही ती कोणत्या पिक्चरची म्हणून विचारलं नाही. परत येताना टेम्पोत आमचा ट्रम्पेटवाला दत्तू म्हणाला, "मास्तर, आता आपुन सिनेमाच्या बापाला भीत न्हाई." आम्ही सगळे हसलो. पहाट व्हायच्या आत ते गाव भुईसपाट झालं होतं. अंकुशराव, त्यांची बायको, दोन्ही मुलगे, कोणीच राहिलं नाही.

मास्तर तिथं आठवडाभर दगड उपसत होते. परत आले आणि त्यांनी क्लॅरोनेट पेटीत घातली. पुढं पोटासाठी ती बाहेर निघाली, पण दारातली त्यांनी बंद केली ती केलीच. मला म्हणाले, "मीच त्यांची पाठवणी केली रे. सगळ्या गावाची." मी पुष्कळ समजावलं. शेवटी चिडून म्हणालो, "मग बाकीची गावं पडली तिथं कोणी वाजवली होती?" पण उत्तर नाही म्हणून माणूस मत बदलतो असं थोडंच आहे!

त्यानंतर वर्षभरात नांदेडचा एक कॅसेटवाला आमच्याकडे आला. त्यानं अर्धापूरच्या एका लग्नात दारातली ऐकली होती आणि ती त्याच्या डोक्यातून जात नव्हती. दिलबहारच्या नावानं कॅसेट काढू म्हणाला, वर बँडचा फोटो, आणि पहिलीच चाल ही. आम्ही नवे कोट शिवायच्या गोष्टी करू लागलो. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "ती सोडून कायबी घ्या." तो म्हणाला, बाकी तर सिनेमाचं आहे, ते आमच्याकडे ढिगानं पडलंय. चहा संपवून तो गेला. दत्तू त्या दिवशी मास्तरांना नाही नाही ते बोलला. मेलेल्यांसाठी आम्हाला जित्तं गाडता का, असंही बोलला. महिन्याभरात तो निम्मी माणसं घेऊन निघून गेला आणि त्यानं बेंजो पार्टी काढली. मी मास्तरांजवळ राहिलो, पण दत्तू चुकला असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

मग लातूर पॅटर्नचे दिवस आले. लग्नाच्या सुपाऱ्या बेंजोवाल्यांकडे आणि नंतर डीजेकडे गेल्या, आणि आमच्या वाट्याला निकालाच्या मिरवणुका आल्या. उघड्या जीपमध्ये हार घातलेलं पोरगं, पुढं आम्ही. वर्षभराच्या जागरणानं ते बिचारं आमच्या ढोलाच्या आवाजातही पेंगत असे. त्याच्या मार्कांचा फलक आमच्या बँडच्या नावापेक्षा चौपट मोठा. काही वर्षांनी तेही थांबलं. सलीमनं घरावर मजला चढवून क्लासच्या पोरांना खोल्या दिल्या आणि जिन्यात 'शांतता राखा' अशी पाटी लावली. मास्तर जिन्याखालच्या खोलीत आले. पोरं वर अभ्यास करत असल्यानं घरात क्लॅरोनेट वाजेना. त्यात दात गेले, आणि दात गेलेल्या माणसाला क्लॅरोनेट धरता येत नाही. एवढा मोठा वाजवणारा माणूस, त्याची ओळख त्या गल्लीत 'होस्टेलवाले आजोबा' अशी झाली. मला ते अजूनही सहन होत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक दिवस मी त्यांच्याकडे बसलो होतो. निलंग्याकडची एक बाई मुलाला खोलीवर सोडायला आली होती. गादी, बादली, पुस्तकांचं खोकं वर चढवून झाल्यावर ती पाणी प्यायला आमच्या दारात थांबली आणि भिंतीवरचा बँडचा फोटो बघतच राहिली. म्हणाली, "दिलबहार? माझ्या लग्नात होता." मास्तरांनी माहेर कुठलं म्हणून विचारलं. तिनं गावाचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, आणि मास्तरांनी हातातला कप खाली ठेवला. ती अंकुशरावांची सुरेखा होती.

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. एवढी वर्षं छातीवर धोंडा ठेवून बसलेला माणूस, तिच्यासमोर जमिनीकडे बघून बोलत होता. "तुझ्या बापानं सांगितली आन् मी वाजवली, बेटी. वाजवायची नव्हती."

ती उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "माझ्या बापानं हौसेनं सांगितली न्हवं? मग तुमी काय केलं त्यात, काका? शेवटच्या दिवशी त्यांनी माझी आठवण काढली, हे मला आज कळून राहिलं." आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ती चाल एकदा वाजवा की. माझ्या माहेरचं दुसरं काही न्हाई राहिलं."

मास्तरांनी पेटी उघडली. दात नाहीत हे ते त्या क्षणी विसरले असावेत. गाल फुगले, बोटं हलली आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा एकदा तसंच झालं. तिनंच त्यांच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या. दात बसवा, मग मी येते."

आणि ते खरोखर दातांच्या डॉक्टरकडे गेले हो! सत्तरीला टेकलेल्या माणसानं क्लॅरोनेटसाठी कवळी करून घेतली. पोरं क्लासला गेली की दाराला चादर लावून बसायचे. कवळी सरकायची, सूर फाटायचा, कधी कुत्र्याचं पिल्लू केकाटल्यासारखं काहीतरी निघायचं आणि आम्ही दोघं हसत सुटायचो. मी खाटेच्या पट्टीवर बोटांनी ठेका धरायचो. यंदा उन्हाळ्यात म्हणाले, "मुखडा आला रे. पुढचं येऊन न्हाई राहिलं. आलं की तिला फोन कर." मग छातीत कळ आली आणि दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत. कब्रस्तानाच्या वाटेवर दत्तू माझ्या शेजारून चालत होता. म्हणाला, "मास्तरांसंगं एवढं गप कधी चाललो न्हवतो."

गेल्या आठवड्यात त्यांच्या खोलीवर गेलो. सलीमनं तीही दोन पोरांना दिली आहे, आणि त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. फोटो आता सलीमच्या घरात आहे. खाट तीच आहे, तिच्यावर पुस्तकांची चळत. मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो आणि सुरेखाला फोन लावला. इतके दिवस तिला सांगायचं राहून गेलं होतं. मास्तर गेल्याचं ऐकून ती रडली. मग तिनं विचारलं, "वाजली का हो शेवटी?" खोटं बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. म्हणालो, "मुखडा वाजला, ताई. पुढची न्हाई आली." आणि तिचं सांत्वन करावं म्हणून म्हणालो, तुझ्या लग्नात मास्तरांनी ती पुरी वाजवली होती, मीच शेजारी होतो, एवढं तरी तुझ्याजवळ आहे.

"तवा मी लई रडून राहिले होते, भाऊ," ती म्हणाली. "मला काहीच ऐकू आलं न्हाई."