बंदुकीसाठी एक सही

माझे मामा शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. लग्न केलं नाही. म्हातारपणी दुकान विकलं आणि हात स्वस्थ बसेनात म्हणून आजोबांची छऱ्याची बंदूक काढून बसले. बंदूक आजोबांच्याही आधीची. तिची स्प्रिंग मेलेली, आतला चामड्याचा वॉशर वाळून कडक झालेला. छर्रा समोरच्या पुठ्ठ्याला कसाबसा टेकायचा आणि खाली पडायचा. तरी दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात जाऊन मामा तीच चालवायचे. घरी बोलायला कोणी नव्हतं. क्लबातही नव्हतंच म्हणा, कारण नेम धरलेल्या माणसाशी बोलायचं नाही असा तिथला नियम, आणि मामा सदानकदा नेम धरूनच असायचे.

यंदा त्यांनी नवी स्प्रिंग घातली, वॉशर स्वतः कापून तेलात मुरवला. मशिनवाल्याचा हात, काम जरा जास्तच चोख झालं. क्लबातल्या वार्षिक तपासणीत छऱ्याचा वेग बिनपरवाना बंदुकीच्या मर्यादेपलीकडे निघाला. इतकी वर्षं बिनपरवान्याची चालत होती, आता परवाना काढा नाहीतर बंदूक जमा करा, असं पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी सांगितलं. जुनी स्प्रिंग परत घाला, कटकट मिटेल, असंही सुचवून पाहिलं. मामांना ते फार लागलं. धडधाकट केलेली वस्तू पुन्हा अधू करणं त्यांच्याने होणार नव्हतं.

अर्ज तसा सोपा होता. फक्त अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या कोणाची तरी सही हवी होती, आणि तो नातेवाईक चालणार नव्हता. मामांनी मला फोन केला. मी भाचा, म्हणजे बाद. शेजारी नवे. दुकानाला लागून असलेला चष्मेवाला वारलेला. जुन्या गिऱ्हाइकांना स्वतःची मशीन आठवायची, मामा नाही.

"असेल की हो कोणीतरी," मी वैतागून म्हणालो. "बघतो," म्हणून मामांनी फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि त्या रविवारी मी गाडी पकडून गेलो.

क्लबात मामांच्या शेजारच्या जागेवर वर्षानुवर्षं एक निवृत्त पोस्टमास्तर उभे राहायचे. त्यांचे छर्रे संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग मामांनी अडखळत विषय काढला.

"अहो, त्यात काय, आणा इकडे," पोस्टमास्तर म्हणाले. "इतकी वर्षं शेजारी उभे आहोत आपण."

मामांचा चेहरा असा काही खुलला, की मला बघवेना. पोस्टमास्तरांनी चष्मा लावला, आपलं नाव, पत्ता सुबक अक्षरात लिहिला. 'मी यांना जवळून ओळखतो' याच्याखाली झोकात सही ठोकली. मग वरच्या मोकळ्या ओळीवर पेन टेकवून ते थांबले.

"तेवढं तुमचं नाव सांगा."

मामांनी सांगितलं, आडनावासकट. पोस्टमास्तरांनी लिहून घेतलं. लिहून झाल्यावर मामांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.