कौशल्याची लांबलेली संकष्टी

आठवडाभर संताजीरावांना जग फक्त खालून दिसत होतं. फरशी, चपला, टेबलाचे पाय, आल्यागेल्याची पावलं. डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी आत गॅस भरून तो चिकटवला आणि दम दिला, "मान खाली. जेवताना, झोपताना, बोलताना, खालीच. वर बघत बसलात तर पडदा परत सुटेल. आणि विमानात पाऊल ठेवलंत तर डोळाच जाईल." चामराजपेटेत मिक्सर-ग्राइंडर दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, तो कशाला विमानात बसतोय? संताजीरावांना हसू आलं होतं. आणि तिसऱ्याच दिवशी अमेरिकेतून फोन. लेक गिरीराज बर्फावर घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घरात पाणी द्यायला माणूस नाही.

दैव मेलं असंच असतं. एका घावावर भागत नाही त्याचं.

मग गेली ती बायको, कौशल्या. एकटी. म्हैसूरच्या पलीकडं कधी एकटीनं न गेलेली बाई. मागे पोराच्या पदवीच्या वेळी काढून ठेवलेला व्हिसा तेवढा कामाला आला. घाईचं तिकीट, त्यातल्या त्यात स्वस्तातलं. चार विमानं, तीन ठिकाणी उतरून बदलायचं, आणि प्रत्येक विमानात मागच्या बाजूची मधली सीट. दोन्ही बाजूंना परकी कोपरं आणि पुढच्याची पाठ आपल्या गुडघ्यांवर.

निघायच्या संध्याकाळी तिची हातातली बॅग ठरल्यापेक्षा जड भरली. कौशल्या देवापुढं दिवा लावत होती. संताजीराव मान खाली घालून बसलेले आणि बॅग नेमकी डोळ्यांसमोर. त्यात वरच एक स्टीलचा डबा. "गिरीसाठी तळलेली कोडबळी असणार! लेक तिकडं मोडून पडलाय, आणि हिला खाण्याचं सुचतंय," असं पुटपुटत त्यांनी डबा काढून टेबलाखाली सारला. तिला सांगायचं राहिलं. तेवढ्यात टॅक्सी आली, पदर डोळ्यांना लागला, गेली.

सकाळी कॉफीचा कप अर्धा झाला असेल, तोच नजर टेबलाखाली गेली. डबा. ओढून उघडला, तर कोडबळी कुठली! शेंगदाण्याचे लाडू, साबुदाण्याचा चिवडा, खजूर. उपासाचा फराळ होता तो. आज उपास होता की काय? भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची तर सोय नाही. त्यांनी बसल्या जागेवरून समोरच्या घरातल्या बिंदुमाधवांना हाक मारली. बिंदुमाधव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आणि आता गल्लीचं चालतंबोलतं पंचांग.

त्यांची पावलं दारात आली. "आज संकष्टी की हो, अण्णा. चंद्रोदय रात्री नऊच्या सुमाराला. का?"

का म्हणून काय सांगायचं! गिरी तान्हा असताना तापानं फणफणला होता, तेव्हा कौशल्यानं ही संकष्टी बोलली. पोर वाचलं. त्या दिवसापासून तिनं एक चुकवली नव्हती. पण आता तिला साखरेचा आजार. सकाळी उठल्याबरोबर गोळी घ्यायची, हा दुसरा नेम. गोळी पोटात आणि वर अन्न नाही, म्हणजे काय होतं ते मागच्या वर्षी दोड्डगणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी बघितलं होतं. घामानं निथळत कोसळली होती. "स्वल्प उशीर झाला असता तर बाई हाताला लागली नसती," असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून तडजोड झाली. उपास करायचा, पण दर थोड्या वेळानं लाडू तोंडात टाकायचा. आणि ते लाडू इथं, चामराजपेटेत, नवऱ्याच्या मांडीवर. विमानातलं ती खाणार नाही. संकष्टीच्या दिवशी कांदा, लसूण, अंडं, कोण जाणे कशाला काय लागलेलं!

फोन पालथा पडला होता. त्यावर पहाटेच आलेला एक निरोप, अनोळखी नंबरावरून. लावला तर कौशल्याचा आवाज. "अहो, पहिलं उतरले हं. माझ्या फोनला इथं जीवच नाही. ही वेदिका म्हणून पोर आहे शेजारच्या सीटवर, आपल्याच गावची, एचएसआर लेआउटची, तिच्या फोनवरनं बोलते. गुडघे अगदी आखडलेत. गोळी घेतली. ताट दिलं होतं, परत केलं. डबा काही सापडेना, तळाला गेला असेल. आता दुसरं विमान, ही पोरही त्यातच आहे. काळजी करू नका."

संताजीरावांनी तो नंबर लावला. बंद. दुसरं विमान उडालं होतं. गिरीला कळवलं. त्यानं बिछान्यातून विमान कंपनीच्या मदत-क्रमांकावर डोकं फोडून घेतलं. तिकडून एकच, प्रवाशानं स्वतः सांगितलं तर बघू. वेदिकाला संताजीरावांनी मजकूर पाठवला, "काकूंना आत्ताच्या आत्ता काहीतरी गोड खायला घाल, पाया पडतो." त्याखाली एकच करडी खूण. ती काही दोन होईना.

बिंदुमाधव शेजारी बसले. देवमाणूस, पण नको तिथं खरं बोलायची खोड. "चंद्र म्हणजे जिथं माणूस तिथला चंद्र, अण्णा. आणि त्या पश्चिमेला चालल्यात. सूर्याच्या मागं मागं. दिवस संपणारच नाही त्यांचा. त्यांचा चंद्र उगवेल तेव्हा इथं उद्याची इडली उकडत असेल."

"आय्यो, गप्प बसा हो," संताजीराव ओरडले.

दिवस कसा गेला ते विचारू नका. मांडीवर फोन, त्यात नकाशा, नकाशात एक टीचभर विमान. ते वाळवंटावर होतं, मग डोंगरांवर, मग समुद्रावर, आणि त्याच्या मधल्या सीटवर आपली बाई कोपरं आवळून उपाशी बसलीय. बिंदुमाधवांनी घरून भात आणला, तो तसाच गार झाला. संताजीरावांना स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटत होता. काय नडलं होतं एक डबा राहू द्यायला? विचारायला काय तोंड शिवलं होतं?

ऊन उतरताना फोन वाजला. वेदिका.

"काका, तुमचा मेसेज आत्ता बघितला. काकू खूप शेकी झाल्यात, थरथरताहेत. गेटपाशी खाली बसल्यात, पूर्ण घाम. मी ज्यूस आणलाय, पण तोंडच उघडत नाहीयेत. मला इथंच उतरायचंय, त्यांचं पुढचं फ्लाइट आता सुटेल. गेटवरची बाई म्हणते, बरं नसेल तर बसवणार नाही."

"तिला दे. दे तिला फोन!"

"अहो," पलीकडून आवाज आला. तो कौशल्याचा आहे हे ओळखावं लागलं. "हात हलताहेत माझे. लाडू नाहीच सापडले. सगळी बॅग उपसली."

"मी काढले. वजन भरत होतं म्हणून मीच काढले, कौसा."

मग, "काय माणूस हो तुम्ही!"

रागवायला येतंय, म्हणजे जीव आहे. संताजीरावांना तेवढंच बरं वाटलं. "शिव्या नंतर दे. आधी तो रस पी."

"नाही. चंद्र झाल्याबिगर नाही. गिरी तिकडं तसा पडलाय, आणि आजच मोडू? आजच?"

"बाहेर बघ, उजेड आहे ना? तुझा चंद्र इथल्या उद्या सकाळी. तोवर तू टिकत नाहीस गं."

"मग काय करू मी?" आणि त्या परक्या गावात, परक्या फरशीवर बसून कौशल्या लहान पोरीसारखी रडायला लागली.

हुकमानं ही बाई कधी ऐकली नव्हती, आज काय ऐकणार! संताजीराव मऊ झाले. "बघ, संकष्टी धरलीस कुठं? आपल्या देवापुढं. म्हणजे ती इथंच आहे. ती मी धरतो. चंद्र मी बघतो, तुझ्या नावानं. तू मोडलीस असं नव्हे, माझ्या हातात दिलीस."

"तुम्ही? माझ्यासमोर मसाला डोसा हाणणारे तुम्ही?"

"सकाळपासून कण नाही पोटात. कॉफी प्यालो. तीही अर्धी."

"कॉफी चालते," ती सवयीनं म्हणाली. पेल्याचा आवाज आला. आता पिणार, असं वाटलं, आणि ती थबकली. "थांबा. चंद्र बघणार म्हणजे मान वर करणार. ढग असले तर तासन् तास वर बघणार. डोळा जाईल तुमचा. नको. मला नको तसला उपास."

"अगं एक डोळा गेला तर..."

"नको म्हणते ना!"

मागून वेदिकाचा आवाज, "काका, प्लीज, गेट बंद करताहेत."

संताजीरावांची खाली घातलेली नजर सैरभैर फिरली. पुढ्यात फरशीवर पितळी परात होती. मान उचलायची नाही म्हणून आठवडाभर ते तिच्यातच तोंड धूत होते. परातीतल्या पाण्यात छतावरची ट्यूबलाइट लखलखत होती.

"परात!" ते ओरडले. "गच्चीवर परातीत पाणी ठेवतो. मान खाली घालूनच त्यात चंद्र बघतो. सरी, ठीक?"

"चालतं तसं?"

संताजीरावांनी शेजारच्या पावलांकडं बघितलं. पावलं चुळबुळली. जन्मात एक तिथी इकडची तिकडं न केलेले बिंदुमाधव फोनवर वाकले आणि ठणकावून म्हणाले, "चालतं, अक्का. शास्त्रात आहे."

पलीकडं काहीतरी सांडल्यासारखं झालं, आणि फोन कटला.

पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा. पुन्हा. प्याली, की कोसळली? संताजीरावांचा जीव टांगणीला लागला. "कुठल्या शास्त्रात आहे हो?" त्यांनी मध्येच विचारलं. "असेल कुठंतरी. एवढी शास्त्रं आहेत," बिंदुमाधव पुटपुटले.

दिवेलागणीला वेदिकाचा निरोप आला. "काका, सॉरी, चार्जिंग संपलं होतं. काकूंनी ज्यूस पूर्ण घेतला, दोन केळी पण खाल्ली. पंधरा मिनिटांत चेहरा बदलला. मी रिक्वेस्ट करून गेट थांबवलं, शेवटच्या क्षणी आत गेल्या. तुम्हाला सांगायला सांगितलंय, मी खाल्लं, आता सगळं तुमच्यावर आहे."

निरोप वाचून संताजीराव हमसून रडले. डोळ्यांना पाणी लागायला नको होतं, पण ते कुणाला आवरणार!

रात्री बिंदुमाधवांनी त्यांना दंडाला धरून गच्चीवर नेलं, टाकीच्या झाकणावर परात मांडली. ढगच ढग. नऊ वाजून गेले. परातीत नुसता काळोख.

"उगवलेला आहे तो, अण्णा, ढगामागं. वेळ झाली की खायला हरकत नाही. हे मात्र खरंच शास्त्रात आहे," बिंदुमाधव म्हणाले.

"बघतो म्हणालोय तिला."

"कोण बघायला येतंय?"

"ती मधल्या सीटवर बसलीय, बिंदूअण्णा. माझ्या भरवशावर केळी खाऊन. आता मी इथं फसवाफसवी करू?"

मान अवघडली. थंडीनं पाठ कुडकुडली. ज्यानं आयुष्यात देवाला सवडीनं हात जोडले, तो माणूस पाण्यावरची नजर काढायला तयार नव्हता. खाली रस्त्यावरच्या ऑटो कमी होत गेल्या. "लोक देव पाण्यात ठेवून बसतात," बिंदुमाधव म्हणाले, "तुम्ही चंद्र ठेवलात."

मग काठाशी काहीतरी उजळलं. हळूहळू पाण्यात सरकत आला आणि दिसला, जरासा झिजलेला, पिवळा. संताजीरावांनी हात जोडले. मंत्र येत नव्हता. "कौशल्याचा आहे हा," ते म्हणाले, "तिच्या नावावर मांड." डोळ्यातला थेंब परातीत पडला, चंद्र फुटला. ते थांबले. पाणी परत निवलं, चंद्र परत जमला, तेव्हाच त्यांनी हात सोडले.

बिंदुमाधवांनी स्टीलचा डबा उघडून पुढं केला. फोनवर ते टीचभर विमान समुद्राच्या मधोमध होतं. संताजीरावांनी लाडू फोडला, अर्धा बिंदुमाधवांच्या हातावर ठेवला.

"झाली हो संकष्टी," ते म्हणाले. "आता तिला विमानात काय देतील ते पोटभर जेवू दे."