लटारूभाऊंचा रिकामा तलाव

लटारूभाऊंना हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आधी ही हकीगत वाचावी, मग बोलावं.

भाऊ जातीने ढिवर. गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात सदतीस घरांची मासेमारी संस्था होती, तिचे अध्यक्ष. शिक्षण चौथी, पण तलावात कुठे किती पाणी, हे काठावरून सांगत. तलावातून पाणी सोडायची दगडी मोरी गळत होती. पाच वर्षं अर्ज केले तेव्हा दुरुस्ती मंजूर झाली. पाटबंधाऱ्याचे साहेब म्हणाले, फेब्रुवारीत तलाव रिकामा करा, मार्चात नवी मोरी बसवू.

मासा खरा वाढतो तो उन्हाळ्यापर्यंत. फेब्रुवारीत पाणी सोडायचं म्हणजे वीतभर मासा मिळेल त्या भावात विकायचा. भाऊंची बायको शकुबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "कागद पाहून पानी सोडता का? पैसा पाहून सोडा."

"सरकारचा कागद हाय, शकू."

"म्हनून तं सांगून राह्यली."

भाऊंनी पाणी सोडलं. ठेकेदाराने तलावाची पाळ, म्हणजे बांध, फोडून जुनी मोरी उखडली, नवीचा पाया भरला आणि पहिलं बिल लावलं. ते सत्तावीस मार्चला तालुक्याच्या उपकोषागारात माझ्या टेबलावर आलं. त्याच दुपारी मुंबईचा आदेशही आला. विक्रीकर अंदाजाइतका जमला नव्हता. पगार आणि पेन्शन सोडून एकही बिल काढायचं नव्हतं. एकतीसला सरकारी वर्ष संपतं आणि उरलेली मंजुरी बुडते. भाऊंना मी हे दुसऱ्याच सकाळी सांगून टाकलं. उगाच आशा लावणं मला जमत नाही.

तरी ते रोज पहिल्या एसटीने येत राहिले. घड्याळाखालच्या बाकावर बसत. ठेकेदाराने मजूर उठवून नेले, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. शेवटच्या दिवशी चार वाजता टेबलाशी आले.

"बाई, पाळीले बैलगाडी जाईन एवढं भोक हाय. पावसात पानी थांबन कसं? मासोळीचं बीज टाकू कुठी?"

"आदेश बदलला नाही, भाऊ."

"जाळ्याचं सूत घेतलं का पावतीवर विक्रीकर लागते. आमी तं भरला. मंग गेला कुठी?"

"पगारात," मी म्हटलं.

"तुमच्या?"

"माझ्याही."

"बरं झालं. कोनाच्या तरी घरी पोचला."

पाच वाजले. बिल परत गेलं. परतीच्या शेऱ्याखाली सही माझी.

मे महिन्यात घरटी एक माणूस पाळीवर उभा राहिला. काळी माती आणि धानाचं तणीस तुडवून त्यांनी भोक बुजवलं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात ते पाझरू लागलं. आत चिखल सुटला असता तर पाळच गेली असती, आणि खालची धानाची शेतंही. भाऊ गळ्याइतक्या पाण्यात उतरले. वरून बाया पोती देत होत्या, शकुबाई सर्वांत पुढे. संध्याकाळपर्यंत पाझर बारीक झाला. तलाव निम्माच भरला, पण बीज पडलं.

जानेवारीत पुन्हा मंजुरी. पुन्हा साहेबांचं पत्र: तलाव रिकामा करावा. भाऊ ते घेऊन माझ्याकडे आले.

"औंदा मार्चमंदी पैसा राईन का?"

"सांगता येत नाही. कर किती जमतो त्यावर आहे."

"तुमाले सांगता येत नाई, तं मी घरच्याइले काय सांगू?"

त्यांनी पत्राची घडी करून खिशात घातली. पाणी सोडलं नाही.

त्या वर्षी पैसे होते. मार्चअखेर खर्चाअभावी परत गेले. कारणाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं, 'लाभार्थ्यांचे सहकार्य नाही.' मी ते भाऊंना वाचून दाखवलं, कारण त्यांच्याबद्दल काय लिहिलंय हे त्यांना कळायला हवं होतं.

"बरोबर लिवलं," ते म्हणाले, आणि मातीच्या बुजवणीतून किती पाझरतं आहे ते पाहायला निघून गेले.