तिसरं कडवं

माझ्या मोठ्या जावेचा आवाज गोड आहे. तो तसा नसता तर मला इतका राग आला नसता.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला मी कुंभार पिंपळगावला, सासरी होते. पाडव्याच्या संध्याकाळी आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर जमल्या आणि धाकट्या सुनेनं गाणं म्हणावं असा आग्रह झाला. मला एकच गाणं यायचं, आईचं.

दिवा निघाला, दिवा निघाला, शेजारणीच्या दारात
तेल माझं, वात तिची, उजेड दोघींच्या घरात

दुसरं कडवं संपलं तेवढ्यात मोठी जाऊ, जिला सगळे अक्का म्हणतात, म्हणाली, "हे गाणं हाय का भाजीवालीचं वरडणं?" बायका हसल्या. सासूबाईही हसल्या. चहाच्या भांड्यांचं निमित्त करून मी आत गेले, आणि त्या घरात पुन्हा कधी गायले नाही. पुढं नवऱ्याला जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात काम लागलं, आम्ही शहरात आलो. आई गेली. गाणं डोक्यातून निघूनच गेलं.

ते परत भेटलं गेल्या वर्षी, नवरात्र संपल्यावर. मी भाकऱ्या करत होते. नणंदेनं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. बचत गटाचा कार्यक्रम, हातात माईक घेतलेली मोठी जाऊ, आणि तेच गाणं. क्षणभर मला आईच दिसली, पदराआड दिवा धरून शेजारच्या उंबऱ्यात उभी. डोळे भरून आले. गाणं संपल्यावर जाऊ माईकवर म्हणाली, "हे माझ्या आईनं मला शिकवलेलं." टाळ्या पडल्या. तव्यावरची भाकरी काळी झाली.

नवरा म्हणाला, "सोड ना. गाणंच तर हाय."

"उद्या तुमची गाडी कुणी घेऊन गेलं आन् माझ्या बापाची हाय म्हणलं, तर सोडसाल?"

त्यानं ताट पुढं ओढलं.

व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. तिनं दोनच कडवी म्हटली होती, त्या दिवशी ओसरीवर ऐकलेली. तिसरं तिच्या कानावर पडलंच नव्हतं, कारण तिनंच मला मध्ये तोडलं होतं. पण तिसरं मलाही आठवेना. रविवारी एसटीनं राजूरला मावशीकडं गेले. मावशीचे दात पडलेत, पण मी पहिली ओळ म्हणताच तिनं पुढचं सगळं म्हणून दाखवलं.

राजूरच्या गणपतीला पहिला दिवा लावते
मंग माझ्या आळीमधी घरोघरी धावते

"हे तुझ्या आईनं जोडलेलं," मावशी म्हणाली. "आपल्या गणपतीबिगर गाणं कसं, म्हणायची. पर एक ध्यानात ठेव, माय. हे रिकाम्या हातानं म्हणायचं न्हाई. फराळाचं ताट घेऊन जायचं, उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं. ज्या घरी यंदा कुणी गेलं असंल, त्या घरी आधी."

जावेचं माहेर अंबडकडचं. तिच्या आईच्या गाण्यात राजूरचा गणपती कुठून येणार? परतीच्या एसटीत माझं सगळं ठरलं.

त्या दिवाळीला मी डबे भरभरून फराळ केला. नवऱ्याला वाटलं, राग गेला. पिंपळगावला पोचल्यावर लक्ष्मीपूजनाच्या दुपारपासून मी ताटं घेऊन निघाले. आळीच्या टोकाला एका म्हातारीचा मुलगा उन्हाळ्यात वारला होता, तिच्या घरी दिवाळी नव्हती. तिथं आधी गेले. करंज्या ठेवल्या, गाणं म्हटलं. म्हातारी माझा हात धरून बराच वेळ बसली. मला तिचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू, पण त्याच वेळी मनात जावेचा चेहरा कसा पडेल तेही बघत होते. मग, जाऊ घरी पूजेच्या गडबडीत असतानाच, घरोघर गेले. प्रत्येक उंबऱ्यात तिन्ही कडवी. बायका विचारायच्या, "हे तर तुमच्या अक्काचं गाणं ना?" मी हसून म्हणायची, "राजूरचं हाय, माझ्या आईचं. म्हणा माझ्यासंगं." अनारशांच्या घासाबरोबर त्यांनी गाणंही घेतलं.

पाडव्याला ओसरी पुन्हा भरली. कुणीतरी जावेला गायला सांगितलं. ती सावरून बसली, दोन कडवी सुरेख म्हणाली आणि थांबली. बायका थांबल्या नाहीत. राजूरच्या गणपतीला पहिला दिवा, सगळ्या एका आवाजात. जाऊ तोंड उघडं ठेवून इकडंतिकडं बघत राहिली. एक बाई सहज म्हणाली, "अक्का, तुमच्या आईनं हे शिकवलं न्हाई व्हय?"

मी समोरचा चिवडा खात बसले. इतका चवदार चिवडा मी जन्मात खाल्ला नव्हता.

भाऊबीजेला आम्ही निघालो तेव्हा ती माझ्या पिशवीत पेरू भरत होती. खाली बघूनच म्हणाली, "ते तिसरं कडवं सांग मला नीट. मी कुणाला इचारू आता?"

"आळीत कुणालाही इचारा, अक्का. समद्यांना येतं."

तिचे हात थांबले. मी पिशवी उचलली आणि गाडीवर बसले. जालना येईपर्यंत मी गुणगुणत होते.

नणंद फोनवर सांगते, आळीत माझं फार नाव झालंय. असं प्रेमळ माणूस न्हाई म्हणतात. त्या म्हातारीनं तर निरोपच धाडलाय, यंदाही ये म्हणून. मी जाणार आहे. करंज्यांचा रवा आणून ठेवलाय.