तो नमस्कार नव्हता

आज सकाळपासून तुम्ही सगळ्यांनी जो व्हिडिओ स्टेटसला ठेवलाय, त्यात माझी बहीण मातीला नमस्कार करत नाहीये.

तिची टाचेची शीर तुटलीय.

आवाज बंद करून बघा. डीजे आणि निवेदकाचं "मायभूमीला दंडवत" गेलं, की तिचं तोंड दिसतं.

अनुसया आक्काला जाऊन आज वर्ष झालं.

आठशे मीटर पळायची. सिरसाळ्याच्या शाळेत पीटीच्या सरांनी पहिल्यांदा पळवली, तेव्हा पायात चप्पलसुद्धा नव्हती. आई-अण्णा कोयता घेऊन कारखान्यावर, आणि ही ग्राऊंडवर.

"आठशे म्हंजी काय गं आक्का?"
"दम संपल्यावर बी पळायचं. बाकी काय न्हाई."

ऑलिम्पिकला गेली. पहिल्याच फेरीत बाहेर. शेवटून पहिली.

बॅनरवर लिहायला तुम्हाला लाज वाटत होती ना, म्हणून मीच सांगतो. आणि हेही सांगतो, की आयुष्यातलं सगळ्यात वेगवान आठशे मीटर ती त्याच दिवशी पळाली. पण आपल्या गावात त्याला कोण विचारतो? पारावर बंडू म्हणालाच होता, "येवढ्या लांब इमानात जाऊन शेवटी? त्यापरीस जत्रंत पळायचं व्हतं."

हाच बंडू दोन दिवसांनी साहेबांचा कार्यकर्ता म्हणून घरी आला. निवडणूक तोंडावर आली होती आणि साहेबांना एकाएकी क्रीडाप्रेम सुचलं होतं.

"आक्का, जंगी सत्कार हाय. साहेब जीपमधून येणार. तुमी पुढं मशाल घेऊन पळायचं. फाट्यापासून वेशीपस्तोर."

"टाच सुजलीय बंडू. डॉक्टरनं पळू नको म्हणून सांगितलंय. पुढं कॅम्प हाय माझा, निवड हाय. मी जीपमधी बसते की."

"जीपमधी साहेब हायेत ना."

वर म्हणतो, "आन् ते ऑलिम्पिकचे खिळ्याचे बूट घाला. पब्लिकला बघायचेत."

ते बूट रबरी ट्रॅकसाठी असतात. खाली खिळे, टाचेला आधार शून्य. डांबरावर ते घालून पळायचं म्हणजे शीर तोडायला स्वतःच निघायचं. आक्कानं हे सगळं समजावून सांगितलं. बंडूनं मान डोलावली आणि अण्णांकडे बघितलं.

अण्णा म्हणाले, "घाल गं. माणसं जमल्यात. पळणारीच हायस ना तू?"

तिनं बूट घातले.

फेटा, मशाल, मागं डीजे, त्याच्या मागं जीप. क्रेनला लटकवलेला हार. जेसीबीच्या बकेटात झेंडूची फुलं. डांबरावर तिच्या खिळ्यांचा खर्र खर्र आवाज मला अजून येतो.

मारुतीच्या देवळासमोर ती आधी गुडघ्यावर आली. मग दोन्ही हात पुढं. मग कपाळ खाली.

निवेदक ओरडला. शिट्ट्या पडल्या. जेसीबीवाल्यानं सगळी फुलं तिच्या अंगावर ओतली.

साहेबांनी जीपमधून पब्लिकला हात जोडले.

तिला उठता येईना, तर लोकांनी खांद्यावर घेतली. ती ओरडत होती. व्हिडिओच्या खाली लिहिलंय, आनंदाश्रू.

ऑपरेशन झालं, कॅम्प गेला, निवड गेली. करिअर संपायला एखादी स्पर्धा तरी लागते. हिचं सत्कारात संपलं.

नंतर ती लंगडतच चालायची. खाली बसायचं तर भिंत धरावी लागायची. आणि कुणीही भेटलं की म्हणायचं, "आक्का, तो नमस्कार बघून डोळ्यात पाणी आलं बगा."

मी चिडायचो. "सांगून टाक ना एकदा खरं!"

ती हसायची.

"कावून सांगू? शेवटी आले तवा समदे हासले. पडले तवा टाळ्या वाजल्या. गावाला माझं येवढंच आवडलं रे. असू दे."

गेल्या वर्षी संध्याकाळी तेलगाव रोडनं घरी येत होती. मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, टेप फुल. रस्त्याच्या कडेनं चालणारी कुणीही बाई नालीत उडी मारून वाचली असती. हिच्या मागून येणाऱ्या काकू वाचल्याच.

त्या मला म्हणाल्या, "उडी मार म्हणून वरडले रे मी. तिनं पाय उचलला. पर रेटाच बसला न्हाई."

काकूंची साठी उलटलीय. माझी बहीण ऑलिम्पिकला गेली होती.

सरण रचलेलं, आई ओट्याला टेकून बसलेली, आणि आपण सगळे थांबलो होतो. कशासाठी? साहेब निघालेत म्हणून. ते आले, माईक घेतला, म्हणाले, "आमची अनुसया किती मोठी झाली तरी ह्या मातीला विसरली नाही."

स्मशानात टाळ्या वाजल्या. अण्णांनीही वाजवल्या. मी बघितलं.

काल बंडूचा फोन आला. "भाऊ, उद्या आक्काच्या नावानं दौड ठेवलीय. फाटा ते वेस. मशाल तूच घे."

मी विचारलं, "जीपमधी कोण हाय?"

"साहेब."

मी फोन ठेवला.

तर मंडळी, पळा. पाणी, केळी, टी-शर्ट सगळं फुकट आहे. टी-शर्टावर तिचा फोटोही छापलाय, त्या पडण्याचाच.

आक्का, तू असू दे म्हणाली होतीस. वर्षभर तुझं ऐकलं. आज नाही ऐकलं, रागावू नको.

तू कुणाच्या पाया पडली नव्हतीस. तुला पाडलं होतं.

आज फाट्यावर पुन्हा डीजे लागलाय. तू येऊ नको. आता कुणासाठी पळायचं न्हाई.

एवढंच आक्का. तुझा धाकटा.