जाऊन-येऊन एकशेवीस

साठ की एकशेवीस, हे सुधाच्या डोक्यातून सकाळपासून जात नव्हतं. तिची लेक स्वरदा पहाटेच्या एसटीने मालेगावला कामावर गेली होती आणि तिची आकडेमोडीची वही नाशिकच्या घरी, जेवणाच्या टेबलावरच राहिली होती.

स्वरदा वायरमन. आयटीआयच्या वर्गात ती एकटीच मुलगी. पास झाली, पण कोणी ठेकेदार तिला शिडीवर चढू देईना. शेवटी वणीच्या गोटीरामकाकांनी हाताखाली घेतलं. काका विजेच्या मीटरपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत पावलं मोजत जात आणि मोजतच परत येत.

"काका, परत येताना कशाला मोजता?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"करंट काय तिथंच मुक्कामाला राहतो? जातो तेवढाच मागं येतो. मंग आपण बी यायचं. तू फक्त माझा आकडा मांड."

त्या पावलांचे मीटर करायचे, ॲम्पियरने गुणायचे, मग तारेच्या दर मीटर रोधाने. वाटेत किती व्होल्ट गळतात ते कळायचं. उत्तर दहाच्या आत आलं तर तार चालेल, नाहीतर जाड घ्यायची. तीन वर्षं स्वरदानं असंच मांडलं. मग काकांचे गुडघे गेले, ते वणीला परतले आणि ती स्वतः कामं घेऊ लागली. लेझरनं अंतर मोजायचं यंत्र घेतलं त्या दिवशी तिनं घरातल्या सगळ्या भिंती मोजल्या होत्या.

फ्लॅटमधली कामं छोट्या अंतरांची, तिथं काही अडलं नाही. मालेगावच्या जहिदाआपांचं हे पहिलंच लांबचं काम. गल्लीच्या तोंडाशी मीटर, मागच्या शेडमध्ये दोन यंत्रमागांच्या मोटारी. "पुरुष वायरमननी दहा चकरा मारायला लावल्या," आपा म्हणाल्या होत्या, "तू तरी नीट करून दे, बेटी."

वहीत लिहिलं होतं: अंतर ६०, करंट १४, रोध ०.००९. उत्तर साडेसात. खाली बरोबरची खूण, आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार.

सुधानं फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं त्याला तीस वर्षं झाली होती. तरी तिनं पेन्सिल घेतली. लेझरचा ठिपका भिंतीवर जाऊन थांबतो. काकांसारखा परत चालत येत नाही; वहीतले साठ म्हणजे नुसतं जाणं. साठ नाही, एकशेवीस. उत्तर पंधरा. संध्याकाळी मालेगावात आधीच व्होल्टेज पडतं, त्यातून आणखी पंधरा गेले तर मोटारी नुसत्या गुणगुणतील, तापतील, एखादी जळेल. आणि लोक म्हणतील, पोरीच्या हातचं काम.

"तुला इस्त्रीचा प्लग काढायचा असला तरी मला हाक मारतेस," तिचा नवरा गंगाधर चहा पिता पिता म्हणाला, "आणि लेकीच्या वायरिंगमध्ये चुका काढतेस?"

"चूक असली तर?"

"मागच्या महिन्यात शॉक बसेल म्हणून दोनदा फोन केलास. ती शिडीवर होती. काय म्हणाली आठवतंय?"

आठवत होतं. "आई, कामावर फोन नको. गिऱ्हाईक हसतं, म्हणतं आईला विचारून तार ओढते." सुधानं शब्द दिला होता.

तिनं मेसेज केला. अर्धा तास झाला तरी स्वरदानं तो पाहिला नव्हता. दुपारी गवंडी भिंतीतली तारेची चर बुजवणार, असं ती काल म्हणाली होती. एकदा सिमेंट बसलं की तार बदलायला आपांची भिंत फोडावी लागेल.

एवढी वर्षं सुधा नुसत्या भीतीनं फोन करत आली होती आणि दर वेळी भीती खोटी ठरली होती. आज हातात उत्तर होतं. तिनं पुन्हा एकदा गुणाकार केला. पंधराच.

पोहोचलीस का, काही खाल्लंस का, यातलं एकही विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं. फक्त म्हणायचं: चर बुजवू देऊ नकोस, काका परत चालत यायचे ते आठव.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तिनं वही समोर उघडी ठेवली आणि नंबर लावला.