जागा सांगायची नसते

दादा, मी निघाले त्या दिवशी तू चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर जीपला टेकून उभा होतास आणि माय माझा स्वेटर तपासत होती. गुलमंडीतल्या दुकानदारानं ‘इंग्लंडची थंडी आरामात निघेल’ अशी शपथ घेऊन तो दिला होता, म्हणून तर तिला जास्तच शंका. तिनं बाहीचा धागा ओढून पाहिला, लोकर नाकाला लावली आणि निकाल दिला, “फसवलं बघ त्यानं.” मग मला जवळ ओढून कानात म्हणाली, “कुनाला आपलं समदं सांगत बसू नको. लोकं गोड बोलून काढून घेतेत.” मी रडत होते, आणि ती माझ्या खांद्यावरून दारावरच्या पहारेकऱ्याकडं बघत होती. तो आपल्या बॅगांकडं एवढं का बघतोय, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

आपल्या घराला हा आजारच आहे. अण्णा दूध घालायला फुलंब्रीला जायचे तेव्हा डेअरीतला काटा आधी स्वतः दाबून बघायचे. औरंगपुऱ्यातल्या लॅबमध्ये मी रक्त तपासायचे, आणि रिपोर्ट चांगला आला की मलाच शंका यायची, म्हणून पुन्हा तपासायचे. त्यामुळं लॅबचं नाव झालं, माझं डोकं मात्र उठायचं.

यांना नोकरी लागली ते गाव इंग्लंडच्या उत्तरेला, चुनखडीच्या टेकड्यांमध्ये आहे. आपल्याकडं खडक काळा, इथं पांढरट राखाडी, पावसानं झिजून भेगाळलेला. त्या भेगांमधून मे महिना संपता संपता फुलं येतात. मीही तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, पण तिथं लोक ‘गुड मॉर्निंग’च्या पुढं सरकत नाहीत. घरी आले की यांची शिफ्ट सुरू. रविवारी तर भिंती अंगावर यायच्या. एकदा लायब्ररीत कागद चिकटवलेला दिसला, की गावामागच्या राखीव टेकडीवर दुर्मिळ रानफुलांची मोजणी आहे, मदतीला माणसं हवीत. मी गेले. खरं सांगायचं तर फुलांसाठी गेले नव्हते, माणसांसाठी गेले.

टेकडीवर दोऱ्या लावून पट्टे आखलेले असतात. आपल्या पट्ट्यातून वाकून चालायचं आणि कुठलं फूल किती ते मोजायचं. सगळी मंडळी निवृत्त, पायात भारी बूट, हातात थर्मास. टेकडीची राखण हेलनबाईंकडं. उंच, सुकलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी मला पायवाटेलगतचा पट्टा दिला. त्यात सगळी साधी पिवळी फुलं. पुढच्या रविवारी तोच पट्टा. त्याच्या पुढच्याही. बाकीचे हेझल नावाच्या झुडपांच्या झाडीमागं जायचे आणि परत येऊन हळू आवाजात बोलायचे. मी जवळ गेले की बोलणं पावसावर यायचं. ताकास तूर लागू देतील तर शपथ.

इथं कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळायला वेळ लागला नाही. प्रश्न एवढाच, की माझ्याशीच असं का? माझ्या रंगामुळं? बोलण्यामुळं? बाहेरदेशी राहणाऱ्या सगळ्यांनाच हा प्रश्न कधी ना कधी पडत असणार. त्याचं उत्तर कुणी तोंडावर देत नाही, आणि तोच जास्त त्रास असतो.

एके दिवशी माझ्या पट्ट्याच्या टोकाला, झाडीच्या सावलीत, बारीक देठावर काळपट माशा बसलेल्या दिसल्या. मी हात हलवून हाकलल्या. उडेनात. वाकून पाहिलं तर ती फुलं होती! माशीचं ऑर्किड म्हणतात त्याला. हुबेहूब माशी दिसून खऱ्या किड्यांना फसवणारं ते फूल मला बघताक्षणी आवडलं, अगदी आपल्या घरातलं वाटलं. झाडीमागं हे लोक काय लपवतात तेही तेव्हाच उमगलं.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. जवळ हॉथॉर्नची वाळकी काटेरी फांदी पडली होती, ती उचलून त्या रोपावर आडवी टाकली. मुद्दाम ठरवून काही केलं नाही, हात आपोआप गेले. आणि हेलनबाईंना सांगितलं नाही. तुम्ही मला सांगत नाही, मग मी तुम्हाला का सांगू?

पुढच्या रविवारी टेकडीखालच्या लाकडी खोलीत सगळ्यांना बोलावलं. हेलनबाई म्हणाल्या, “वरच्या कडेला एका ऑर्किडवर कुणीतरी काटे ठेवलेत. कंद चोरणारे अशी खूण करून जातात आणि सवडीनं येऊन खणून नेतात. पूर्वीही असंच झालं होतं, आणि तो आपल्यातलाच माणूस निघाला होता. फार गोड बोलायचा.” खोलीतल्या एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. सगळे मिळून ठरवल्यासारखे खिडकीबाहेर बघत होते. याहून स्पष्ट ते काय सांगणार होते?

दादा, मला घाम फुटला. त्या टेकडीशिवाय या देशात मला जायला जागा नव्हती. गप्प बसले तर चोर ठरणार, आणि बोलले तर कोण विश्वास ठेवणार?

“काटे मी ठेवलेत,” मी म्हणाले. मग माझ्या तुटक्यामुटक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आमच्याकडं पावसाळ्यात करटुलीचा वेल येतो, काटेरी हिरवी फळं, त्यांची भाजी लई गोड. खाली कंद असतो, कुणी तो उपटला की वेल कायमचा गेला. म्हणून माझे वडील वेलाच्या बुडाशी बाभळीची काटेरी फांदी टाकायचे आणि जागा कुणालाही सांगायचे नाहीत. सख्ख्या चुलतभावालासुद्धा.

हेलनबाईंनी विचारलं, “शेळ्या खाऊ नयेत म्हणून?”

“शेळीला काट्याचं काय? ती बाभूळच खाते,” मी म्हणाले. “काटे माणसांसाठी.”

त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. पुढच्या रविवारी मला एकटीला हेझलच्या झाडीमागं घेऊन गेल्या. तिथं त्या लबाड माशा घोळक्यानं उभ्या होत्या. मी रडले, अगदी वेड्यासारखी. हेलनबाई तेवढा वेळ दुसरीकडं बघत राहिल्या. मंडळींतले एक आजोबा अजूनही मी जवळ गेले की नकाशा मिटतात. मिटोत.

मागच्या श्रावणात मी घरी आले. विमानतळावर तूच आला होतास, माय आता नव्हती. शहराचं नाव बदललेलं, फुलंब्रीपर्यंतचा रस्ता रुंद झालेला. दुसऱ्या दिवशी मी तुला सहज विचारलं, “दादा, करटुली आली असंल ना? चल, वेल दाखव.” तू दारात उभा होतास. बाहेर बघत म्हणालास, “आता कुठली करटुली? जेसीबीनं गेलं समदं. नाय ऱ्हायलं काही.” चेहऱ्यावर केवढी हळहळ! मला खरं वाटलं. दुपारी वहिनीनं ताट वाढलं, त्यात करटुलीची भाजी होती. मी घास घेतला आणि तुझ्याकडं पाहिलं. तू भाकरी कुस्करत होतास. “बाजारात भेटली,” वहिनी घाईनं म्हणाली. बाजारच्या करटुलीला तशी चव नसते, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी इंग्लंडला परत आले. जमिनीत वाटा मागायला आले असं वाटलं का रे तुला? की लग्न होऊन लांब गेलेली बहीण जागा विचारणाऱ्या परक्यांमध्ये मोजायची असते? किती रात्री हेच डोक्यात घोळलं. फोनवर तुझ्याशी नीट बोललेही नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

या मे महिन्यात मोजणीला एक नवे गृहस्थ आले. भारी कॅमेरा, बोलणं एकदम लाघवी. चालता चालता त्यांनी मला विचारलं, “ती माशीची ऑर्किड्स कुठल्या बाजूला आहेत म्हणे?”

“आता कुठली? मागच्या वर्षी सशांनी खाल्ली सगळी,” माझ्या तोंडून निघालं. हळहळलेसुद्धा मी. मग आभाळाकडं बघून पावसाचा विषय काढला. त्यांना खरं वाटलं. ते बिचारे सज्जनही असतील, पण माझा हात त्या झाडीकडं वळला नाही, वळणार नव्हता.

ते पुढं गेले आणि मी तिथंच दगडावर बसले. दादा, तुझा तो दारातला चेहरा माझ्या चेहऱ्यावर आला होता. तू मला परकी केलं नव्हतंस, मी स्वतःच केव्हातरी झाले होते. जिथली जागा दुसऱ्याला सांगायला जीभ रेटत नाही, ते आपलं घर. तुझं तिथं आहे, माझं इथं, या पांढऱ्या खडकावर. लिहिताना दुखतंय, पण खरं आहे.

श्रावणात येईन तेव्हा वहिनीला म्हणावं, भाजी भरपूर वाढ. जागा मी विचारणार नाही.